गावाच्या कडेचा जुना वाडा घेण्याआधी

जाहिरातीतला वाड्याचा फोटो पाहून तुझं मन तिकडे गेलंय, हे मला फोनवरच कळलं. सागवानी खांब, ओटीवर झोपाळा, मागे विहीर, कडेला आमराई, आणि डोंबिवलीच्या तुमच्या फ्लॅटपासून तासाभराची वाट. मुरबाड रस्त्याला गाव संपतं तिथलं शेवटचं घर. घ्यावंसं वाटणारच. मी नको म्हणणार नाही, उलट घ्याच म्हणेन. कल्याणच्या आसपास असे वाडे आता थोडेच उरलेत. विकले जातात त्यांतले बरेचसे लाकडासाठी नाहीतर जागेसाठी घेतले जातात. राहण्यासाठी घेणारं माणूस मिळालं तर त्या वास्तूचं भाग्यच. पण जावईबापूंना सांग, शनिवारी टोकनाचा चेक खिशात घालून जाऊ नका. आधी मी सांगतो ते ऐका.

यातलं सगळं माझं नाही. माझे थोरले काका, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, मोजणी खात्यात होते. साखळी आणि फळी घेऊन त्यांनी ठाणे जिल्ह्यातली गावठाणं पायाखाली घातली. कल्याणच्या पारनाक्याजवळच्या आमच्या घरी सुट्टीला आले की संध्याकाळी ओटीवर बसून ते हे सांगत. पुढे कायदे बदलले, मी त्यात भर घातली. मुळाचं शहाणपण त्यांचंच.

अण्णांचं पहिलं सांगणं असं होतं, की घर मोजण्याआधी माणसं मोज. वाडा एकाचा कधीच नसतो. पणजोबांनी बांधला, त्यांना चार मुलगे, दोन मुली, पुढच्या पिढीत कोणी पुण्याला, कोणी ठाण्याला, कोणी न्यू जर्सीला. जाहिरात देतो तो या सगळ्यांतला एक असतो. म्हणून पहिल्या भेटीत किंमत विचारू नकोस, वंशावळ विचार. कागदावर झाड काढून घे, वाडा ज्याच्या नावावर होता त्याच्यापासून आजच्या लेकरापर्यंत. गेलेल्यांचे मृत्यूचे दाखले, वारसनोंदीचे फेरफार त्या झाडाशी लावून बघ. जिथे फांदी अर्धवट सुटते तिथेच पुढे दावा उभा राहतो.

यात मुलींचं विशेष बघ. ‘आत्यांना लग्नात दिलं, त्यांचा काही संबंध नाही’ असं कोणी ओटीवर बसून सांगेल, तिथे थांब. महाराष्ट्राने १९९४ सालीच, त्या वेळी लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या दुरुस्तीने तो देशभरातल्या सगळ्या मुलींना मिळाला, लग्न झालेलं असो वा नसो. त्या दिवशी वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटप झालं असेल तर गोष्ट निराळी, पण त्याचा कागद दाखवू देत. आत्याबाईंनी ‘मला काही नको’ म्हटलं, तर तो त्यांचा मोठेपणा. तुला मात्र नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र हवं, किंवा खरेदीखतावर त्यांची सही. आणि शक्य असेल तर त्यांना स्वतः जाऊन भेट. ज्या माहेरी त्या लहानाच्या मोठ्या झाल्या ते घर विकलं जातंय हे त्यांना तुझ्या तोंडून कळलं, तर त्यांची सही नुसती कायद्याची राहत नाही.

एखादा भाऊ म्हणेल, बाकीचे ऐकत नाहीत, माझा हिस्सा तेवढा घ्या, स्वस्तात देतो. हा मोह फार वाईट. संपत्ती हस्तांतरण कायद्याच्या ४४ व्या कलमाप्रमाणे एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला अविभक्त हिस्सा परक्याने विकत घेतला, तरी त्याला त्या घरात इतरांबरोबर ताबा मागता येत नाही. त्याने वाटपाचा दावा लावायचा. आणि दावा लावला की १८९३ च्या वाटप कायद्यानुसार घरच्यांना तो हिस्सा न्यायालय ठरवेल त्या किमतीत परत विकत घेण्याचा अधिकार आहे. म्हणजे पैसे तुझे, वर्षं तुझी, आणि घर त्यांचं. सगळे एकत्र सही करणार असतील तरच पुढची पायरी चढ.

परदेशातल्या वारसाच्या कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार होणार असेल, तर ते तिथल्या भारतीय वकिलातीसमोर किंवा नोटरीसमोर झालेलं आणि इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरलेलं असावं. मुखत्यारपत्र देणारा आज हयात आहे ना, हेही विचार. विचारायला संकोच वाटतो, पण विचार. आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर ‘घर तुमच्या नावे’ असं कोणी सांगू लागलं तर उठून ये. सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच सांगितलं आहे की अशा कागदाने मालकी जात नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. विकणाऱ्यांत अनिवासी भारतीय असेल तर त्याच्या वाट्याचा कर तुम्हांलाच कापून भरावा लागतो, आणि त्याचा दर नेहमीच्या एक टक्क्याचा नसतो. सीएला आधी विचारा. तुझा दीर अमेरिकेतून भागीत यायचं म्हणतोय ना? वाड्याभोवतीची जमीन शेतीची असेल तर अनिवासी भारतीयाला ती विकत घेता येत नाही. वारशाने आली तर ठेवता येते, खरेदीने नाही. त्याचं मन मोडण्याआधी हे त्याला समजावून सांग.

आता घर कशावर उभं आहे ते. ‘गावाच्या कडेला’ हे शब्द जाहिरातीत गोड वाटतात, पण अण्णा म्हणायचे की सगळी भानगड कडेलाच असते. गावठाणाची हद्द बरेचदा वाड्याच्या परसातूनच जाते. ओटी गावठाणात, विहीर सातबाऱ्यावर. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून सरकारी मोजणी करून घे, आणि मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांसमोर हजर राहा. गावठाणातला भाग असेल तर मालमत्ता पत्रक माग. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून पत्रकं द्यायचं काम चालू आहे. जिथे पत्रक नसतं तिथे ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा दाखवतात. तो घरपट्टी कोण भरतो ते सांगतो, मालक कोण ते सांगत नाही. या एका कागदावर विसंबून भले भले फसलेले मी पाहिलेत.

परस आणि आमराई सातबाऱ्यावर असेल, तर पहिला प्रश्न तुमच्याकडे येतो. तुम्हां दोघांपैकी कोणी शेतकरी आहे का? कूळकायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. जावईबापूंच्या घरी सांगलीकडे जमीन आहे असं तू म्हणाली होतीस. त्यांचं नाव तिथल्या सातबाऱ्यावर आहे का, ते आजच बघायला सांग. नुसतं आजोबांचं असून भागत नाही.

मग सातबाऱ्यावरचा भोगवटा वर्ग पाहा. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय व्यवहार नाही. ‘इतर हक्क’ हा रकाना तर भिंग लावून वाच. तिथे कुळाचं नाव असू शकतं. १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळं कायद्याने मालक झाली, पण कित्येक गावांत त्यांच्या नोंदी अर्ध्यावरच राहिल्या, आणि त्या कुळांची नातवंडं आज शेजारीच राहतात. त्यांचा हक्क असेल तर तो खराच हक्क आहे, तो चुकवण्याची वाट कोणी सुचवली तर ऐकू नकोस. तसंच आदिवासींच्या जमिनीचं. मुरबाड, शहापूरकडे ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या जमिनी लागून असतात. जमीन महसूल संहितेच्या ३६-अ कलमाने त्या बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय घेता येत नाहीत. आमराईचा एखादा तुकडा पूर्वी असाच कोणाकडून ‘घेतलेला’ निघाला, तर तो सोडून व्यवहार कर.

त्याच रकान्यात वनाची नोंद असते. १९७५ च्या खासगी वन संपादन कायद्याच्या नोंदींनी ठाणे जिल्ह्यात किती घरांची झोप उडवली ते ठाणेकरांना विचार. येऊरकडच्या जागा बघायला गेलीस तर तिथे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्रही आडवं येतं. आणि भूसंपादन. समृद्धी महामार्ग भिवंडीजवळ आमण्यापर्यंत आला, बडोदा-मुंबई द्रुतगती मार्ग, विरार-अलिबाग मार्गिका, कल्याण-मुरबाड रेल्वे, सगळ्यांच्या रेषा याच टापूतून ओढल्या आहेत. विकणाऱ्याला वाडा एवढ्यातच का विकायचाय, याचं उत्तर कधी कधी नगररचना विभागाच्या भाग नकाशावर सापडतं. झोन दाखला काढ, गट नंबरावरून रेषा जाते का ते बघ. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळची एखादी वास्तू मनात आली तर आणखी एक लक्षात ठेव. ते मंदिर १०६० सालचं, केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. दुरुस्तीलाही विचारावं लागतं.

तीस वर्षांचा शोध अहवाल वकील काढून देईलच, आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही देईल. वाड्यासाठी तेवढ्यावर थांबू नकोस. घरात जुनी पेटी असते, तिच्यात मोडीतले कागद असतात. घरच्यांना वाचता येत नाहीत म्हणून ते तसेच पडून असतात. मोडी जाणणारे लोक ठाण्यात, पुण्यात आहेत, त्यांच्याकडून लिप्यंतर करून घे. त्यात विहिरीच्या पाण्याचा वाटा, देवळाला लावून दिलेली जमीन, शेजाऱ्याला दिलेली वाट असं काही निघतं, जे सातबाऱ्यावर कधीच चढलेलं नसतं. शिवाय घर कोणाचं होतं ते कळतं. कल्याण हे सातवाहनांच्या काळापासूनचं बंदर. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणारे कल्याणचे व्यापारी सापडतात. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, पेशवाईत इथे सुभेदारी होती, १८५४ मध्ये रेल्वे आली. भाताचे व्यापारी, सावकार, सुभ्याचे कारकून, यांनी गावोगाव घरं बांधली. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आपलं गाव आहे का ते शोध. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचं. तिथे जुन्या पुस्तकांत गावाविषयी बरंच काही मिळतं. एक रविवार त्यासाठी दे, मी येईन सोबत.

आता पाण्याकडे ये. आषाढ लागलाय, म्हणजे घर बघायला याहून चांगली वेळ नाही. जुनं घर उन्हात कधी बघू नये, हे अण्णांचं दुसरं सांगणं. धो धो पाऊस लागला की छत्री घेऊन जा. आत कुठे ठिबकतंय, कुठली भिंत फुगलीय, जोत्याशी पाणी साचतं की वाहून जातं, सगळं ते घर आपणहून दाखवतं. विकणारे दिवाळीनंतर रंग मारून दाखवतात, तेव्हा काही कळत नाही.

नदी किती लांब आहे ते विचार. उल्हास, काळू, भातसा या नद्या उन्हाळ्यात ओढ्याएवढ्या दिसतात. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावं लागलं, ते पाणी याच उल्हासचं. मुरबाड रस्त्यावरचा रायत्याचा पूल अशा पावसात पाण्याखाली जातो आणि पलीकडची गावं तुटतात. २००५ चा २६ जुलै तर तुलाही आठवत असेल. पाटबंधारे खात्याची निळी पूररेषा आणि लाल पूररेषा कुठे आहे ते काढ. निळी साधारण पंचवीस वर्षांतल्या मोठ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या आत घर असेल तर कितीही देखणं असो, परत ये. आणि कागदाबरोबर गावातल्या म्हाताऱ्यांना विचार, त्या २६ जुलैला पाणी ओटीला लागलं होतं का.

विहिरीचा हिशेब मात्र पावसात लागत नाही. वैशाखात पाणी किती उरतं हे शेजारच्या बायका अचूक सांगतात, त्यांना विचार. खाडीच्या अंगाला असेल तर चव घेऊन बघ, मचूळ आहे का. अंबरनाथ-उल्हासनगरकडे वालधुनीच्या काठी किंवा कारखान्यांच्या जवळ असेल तर नुसत्या चवीवर जाऊ नकोस, प्रयोगशाळेत तपासून घे.

लाकूड बघताना लोक दर्शनी खांबांवरच्या नक्षीवर हात फिरवतात. तिथे काही कळत नाही. तुळईचं जे टोक भिंतीत गेलंय तिथे बघ. ओल भिंतीतून येते आणि तुळई आतून तिथेच कुजते. वाशांची पागोळीकडची टोकं, खांब तळखड्यावर टेकतो ती जागा, न्हाणीघराच्या बाजूची चौकट, एवढ्या ठिकाणी सुरीचं टोक रुतवून पाहा. चांगलं सागवान सुरी आत घेत नाही. बोटाने ठोक, आवाज भरीव यायला हवा. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे, पण तेवढ्याने घाबरू नकोस, तिच्यावर उपाय होतात. खांब ओळंब्यात आहेत का ते मात्र सुताराकडून बघून घे. आणि सुतार जुना बघ. अशा घरांत खिळे कमी, सांधे जास्त. ज्याला सांधा कळत नाही तो लोखंडी पट्ट्या ठोकून जातो. पोटमाळ्यावर चढून कौलांच्या खालून उजेड बघ. मंगलोरी कौलं फुटली तरी बदलता येतात. जुन्या नळीच्या कौलांचं मात्र आधी विचार, कारण ती घडवणारे कुंभार आता दुर्मीळ झालेत.

दुरुस्तीत सगळ्यात मोठा घात सिमेंट करतं. या भिंती चुन्याच्या आणि मातीच्या. त्या पावसाची ओल घेतात आणि उन्हाळ्यात सोडतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, चार पावसाळ्यांत गिलावा फुगून पडतो आणि सोबत भिंतीचा थर घेऊन जातो. कंत्राटदार ‘पक्कं करून देतो’ म्हणेल. त्याला चुन्याचं काम येतं का ते विचार, येत नसेल तर नम्रपणे नको म्हण. पहिल्या वर्षी फक्त छप्पर आणि पाण्याचा निचरा कर. मृगाच्या आधी कौलं परतून घे. रंग, फरशी, स्वयंपाकघर, सगळं नंतर. छप्पर धड असेल तर घर तुझी वाट बघतं, नसेल तर बघत नाही. आणि घराला जी किंमत द्याल जवळजवळ तेवढीच रक्कम दुरुस्तीला लागेल, असं धरूनच बोलणी करा. बँका अशा घरावर सहज कर्ज देत नाहीत, हेही आधी लक्षात घ्या.

मागच्या दारी एखादं कुटुंब राहत असेल. राखणदार, गुराखी, देवाची दिवाबत्ती करणाऱ्या मावशी. विकणारे म्हणतील, ‘ते जातील निघून.’ हे असं सोडू नकोस. ते कोणत्या नात्याने राहतात, किती वर्षं, भाडं घेतलं की नाही, ते खरेदीआधी लेखी ठरव. कायद्याचं एक आहेच, बारा वर्षांच्या उघड ताब्याने मालकीचा दावा उभा राहू शकतो. पण मला त्याहून दुसरं मोठं वाटतं. ज्यांनी मालक शहरात असताना त्या घरात दिवा लावला, त्यांना पहिल्याच दिवशी बाहेर काढून त्या घरात सुखाने राहता येत नाही. त्यांना ठेवता येत असेल तर ठेव, त्यांचं देणं द्यायला लाव विकणाऱ्यांना.

गावाचंही तसंच. परसातून गावदेवीच्या पालखीची वाट जात असेल, तर ती वहिवाट आहे, तिला कुंपण घालू नकोस. होळीची जागा, विहिरीवरचं पाणी, शेताकडे जाणारी पायवाट, हे सगळं खरेदीआधी सरपंचांशी आणि आगरी-कुणबी शेजाऱ्यांशी बसून बोलून घे. देवघरातले देव विकणारे नेणार की तिथेच ठेवणार, तेही त्यांच्याशी बोल. ठेवणार असतील तर वर्षातून एकदा त्यांना यायला मोकळीक दे.

लाकडाचा व्यापारी तुमच्याहून जास्त भाव देईल, हे शक्य आहे. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात कोकणपट्टीतल्या घरांचे खांब, दारं, कोनाडे मिळतात. तिथे एकदा जाऊन ये. वाडा घेणं म्हणजे काय वाचवणं, ते तुला तिथे समजेल. विकणाऱ्यांनाही हे सांग. पुष्कळदा आपलं घर उभं राहणार असेल तर भावंडं थोडं कमी घ्यायलाही तयार होतात.

तर या शनिवारी जा, पाऊस असेल तरच जा, पण टोकन देऊ नका. वंशावळ, सातबारा आणि फेरफार मागा, मोजणीचा अर्ज करा, आणि आत्याबाईंचा पत्ता घ्या. कागद हातात आले की माझ्याकडे या, एकत्र बसून वाचू.